मचानावरून लेह

चिचबोडीतलं एकही लेकरू असं नाही, जे रुखमाबाईच्या पायांवर न्हालं नाही. अंगणात पाट टाकायचा, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायचं, पाय लांब करायचे आणि लेकराला आडवं घालून मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल असं रगडायचं, की पोट्टं आधी अख्खं गाव डोक्यावर घेई आणि मग दिवसभर गुमान झोपे. गावचा सरपंचही तिच्याच पायांवर न्हालेला. ग्रामपंचायतीत काम अडलं की ती त्याला चारचौघांत याची आठवण करून द्यायची, आणि काम व्हायचं.

आणि अशा बाईच्या स्वतःच्या लेकीला लेकरू झालं ते कुठं? लेहला! तिची ज्योत्स्ना नागपुरात नर्सिंग शिकली, तिकडच्या दवाखान्यात नोकरीला लागली आणि तिथल्याच रिगझिन नावाच्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं. धम्म एकच, मुलगा मास्तर, मग कोण कशाला नाक मुरडतो? लग्न नागपुरात झालं. फक्त ईनबाई, म्हणजे रिगझिनची आई, आली नाही. तब्येत बरी नाही म्हणे. थंडीच्या दिवसांतलं लग्न, नवरदेव येतो, मामा येतो, काका येतो, आणि आईचीच तब्येत बिघडते? "नाकानं कांदे सोलणारी दिसते बाई," असं रुखमाबाई तेव्हाच म्हणाली होती, आणि ती गाठ तिनं मनात पक्की बांधून ठेवली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही राहिलं, कारण तिकडच्या डॉक्टरांनी ज्योत्स्नाला प्रवासच नको म्हणून सांगितलं होतं. पोरगी झाली. फोनवर तोंड दिसलं. तोंडच तेवढं दिसलं, कारण बाकीचं लेकरू कापडात गुंडाळून वर दोरीनं बांधलेलं.

"अवं माय! हे का गाठोडं हाय का?" रुखमाबाई फोनवर ओरडली. "तेल नाई, पाणी नाई! पोट्टीचे हातपाय मोकळे कधी होईन? मीच येऊन राह्यली तिकडं."

"आई, तू नको येऊ," ज्योत्स्ना म्हणाली. "इथं हवा पातळ आहे. धडधाकट माणसं येतात अन् पडतात. तुझं वय काय, बीपी काय! तुले नाई झेपणार."

तुले नाई झेपणार! जिनं गावातली सगळी लेकरं झेलली, तिला हे ऐकावं लागलं. रुखमाबाई दोन दिवस भांडी आदळत राहिली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला, मुखरूभाऊला, घेऊन ती चंद्रपूरला डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर तरणा होता आणि बिचारा भला होता. त्यानं बीपी पाहिलं, छाती तपासली आणि समजावून सांगितलं. वर हवा विरळ असते, पण आपलं शरीर शिकतं. श्वास भरभर घेतं, रक्त वाढवतं. लघवी जास्त होते, डोकं दुखतं, झोप उडते, आणि मग हळूहळू सवय होते. "फक्त एकदम चढायचं नाही. थोडं चढा, थांबा, अंगाला सवय होऊ द्या, मग आणखी चढा. अन् उंचीवर पोहोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं."

झालं! इतकंच बोलून तो पुढच्या पेशंटकडे वळला. चूक त्याची नाही. समोर बसलेल्या माणसाचं आयुष्य मचानावर गेलं आहे, हे त्याला कसं कळावं?

तुम्ही कधी मचानावर राखणीला बसला नसाल तर सांगतो. धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की रानडुकरं येतात, आणि एका रात्रीत बांधीची, म्हणजे धानाच्या वावराची, माती करून जातात. म्हणून बांधीच्या कोपऱ्यात लाकडी बल्ल्या रोवून उंच मचान बांधायचं आणि वर बसून डबा बडवायचा. नवा माणूस वर चढला की पहिल्या दिवशी त्याचे पाय लटपटतात, डोकं गरगरतं, घास उतरत नाही. चार दिवस गेले की तोच माणूस पाय खाली सोडून निवांत सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळत बसतो. अंगाला सवय होते. मुखरूभाऊनं हे स्वतःवर पाहिलेलं, बापावर पाहिलेलं.

"हे तं निरा मचानाचंच काम झालं!" फाट्यावर बसमधून उतरता उतरता तो म्हणाला. "डॉक्टर शिकेल हाय, पण बोलला आपलंच."

फाट्यावर घ्यायला आलेला त्यांचा मुलगा प्रफुल यानं कपाळावर हात मारला. "बाबा, उंची म्हणजे तशी उंची नाही. समुद्रापासून मोजतेत ते."

"समुद्र? चिचबोडीत समुद्र कुठी आला गा?"

"मग आईले जिवतीच्या पहाडावर नेऊन ठेवू. मावशी हाय तिथी."

हा मुद्दा संध्याकाळी विहारासमोरच्या ओट्यावर चर्चेला आला, कारण चिचबोडीत कोणाच्या घरची गोष्ट घरात राहत नाही. म्हातारा सुकलूभाऊ कापूस वेचायला जिवतीला जाऊन आलेला होता, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. "जिवती पहाड हाय, कबूल," तो म्हणाला. "पण तिथी पायाखाली जमीनच रायते नं बापा! जमिनीवर उभा माणूस उंच कसा होईन? उंची म्हणजे खाली पाह्यलं का पोटात गोळा आला पाह्यजे."

यावर प्रफुल उठून घरी गेला. तुम्हाला काही उत्तर सुचतं का पाहा.

रुखमाबाईला आतून थोडी शंका होती, नाही असं नाही. पण ज्योत्स्नाचं ते 'नाई झेपणार' कानात ठणकत होतं, आणि नुसतं जमिनीवर बसून राहण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चटई, पाण्याची कॅन आणि गूळ-शेंगदाण्याचं गाठोडं घेऊन ती मचानावर चढली.

आणि काय सांगू, डॉक्टरनं सांगितलेलं एकूणएक खरं झालं! वर पोहोचली तर श्वास भरभर चालत होता. उन्हानं डोकं दुखलं. डुकरांपायी झोप उडाली. पाणी पिऊन पिऊन लघवी इतकी लागली की शिडी चढून-उतरून मांड्या भरून आल्या. चार दिवसांत चेहरा लालबुंद झाला.

"रक्त वाढून राह्यलं तुझं," मुखरूभाऊ खालून कौतुकानं म्हणाला.

"हाव, वाटते तं खरं," ती वरून म्हणाली आणि दोन्ही नाकपुड्या फुगवून श्वास ओढून दाखवला.

अडचण एकच होती. गावात तेव्हा तीन तान्ही लेकरं होती, आणि रुखमाबाई कामाशिवाय खाली उतरायला तयार नव्हती. उतरलं की सवय मोडते. मग आयांनीच उपाय काढला. टोपलीत मऊ गोधडी अंथरायची, लेकरू त्यात ठेवायचं, शिडीवर एक बाई मधे उभी करायची आणि टोपली हातोहात वर द्यायची. वर मचानावर पाय लांब करून रुखमाबाई तयार. तेल रगडताना लेकरं अशी कोकलायची की त्या हंगामात आमच्या शिवारात डुकरं फिरकली नाहीत. डबा बडवायचं कामच उरलं नाही. शेजारच्या गावाहून माणसं विचारायला आली, की राखणीला लेकरू भाड्यानं मिळते का!

मचानाची सवय झाली. खाली पाहिलं तरी पोटात गोळा येईना. म्हणजे आता डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे आणखी वर. चिचबोडीत मचानापेक्षा उंच एकच जागा, शाळेमागची पाण्याची टाकी. रुखमाबाई सकाळी तिथं चढली. शिडी लोखंडी, सरळसोट. वर पोहोचल्यावर तिनं खाली पाहिलं, आणि पोटात असा गोळा आला की तिला आनंद झाला. उंची होती!

पण पाण्याच्या टाकीवर माणूस चढला की सरकार एकच अर्थ काढतं. दुपारपर्यंत पोलिसांची गाडी आली, तिच्यामागून तालुक्याहून एक साहेब आला, आणि त्याच्या हातात भोंगा.

"बाई, खाली या! तुमची मागणी काय आहे?"

"मागणी काई नाई, साहेब! मी सवय करून राह्यली!"

"कशाची सवय?"

"हवेची!"

साहेबानं पोलिसाकडे पाहिलं. "प्रकरण गंभीर दिसतं," तो हळूच म्हणाला. मग पुन्हा भोंग्यात, "बाई, घरकुल पाहिजे का? पेन्शन अडली का? टोकाचं पाऊल उचलू नका, आपण मार्ग काढू!"

आता गाव काही खुळं नाही. साहेब स्वतःच्या तोंडानं मार्ग काढू म्हणतो, असा दिवस किती वर्षांनी आला होता! सरपंच पुढे झाला. "साहेब, बाई लाजते. गावात बस येत नाही, त्यासाठी चढली ती."

"खोटं बोलून राह्यला हा!" वरून आवाज आला. "माझ्या पायावर मुतला होता लहानपणी, अन् आता माझ्या नावानं बस मागते!"

"पाहा साहेब, डोकं फिरत चाललं तिचं," सरपंच म्हणाला. "लवकर करा."

साहेबानं फोन लावला, इकडे बोलला, तिकडे बोलला. उद्यापासून बस सुरू, पण बाई आत्ताच्या आत्ता खाली आली पाहिजे.

सगळं गाव टाकीखाली जमलं. शाळेच्या पोरी, दवाखान्याला पायी जाणारे म्हातारे, पोटुशी रंजीता, सगळे वर पाहून हात जोडू लागले. "उतर वं बाई! बस भेटली! उतर!" रुखमाबाईला रडूच आलं. अंगाला कुठं आत्ता उंची कळायला लागली होती. अर्धी सवय म्हणजे काहीच नाही. पण रंजीताचं पोट तिला वरूनही दिसत होतं. ती डोळे पुसत, एकेक पायरी साहेबाला शिव्या देत खाली आली.

आठवड्यानं तीच बस पकडून ती निघाली. मुखरूभाऊ राखणीला मागे राहिला. प्रफुलनं नागपूरला विमानात बसवलं, दिल्लीला रिगझिन घ्यायला आला. तेलाची बाटली तिनं कपड्यांच्या बॅगेत लुगड्यांच्या घड्यांत लपेटून ठेवली होती.

लेहला विमानातून उतरल्यावर रुखमाबाईनं पहिलं काय केलं असेल? खाली पाहिलं. मग पाय आपटला.

"जवाई, ये तो सपाट है!"

"हां, मां."

"ऊंचाई किधर है?"

"हम ऊंचाई पर ही खड़े हैं, मां."

तिनं चारी दिशांना पाहिलं. डोंगर होते, पण ते दूर, आणि तेही वरच. पायाखाली जमीन. पोटात गोळा नाही, काही नाही. म्हणजे फसवलं सगळ्यांनी! "अवं माय, याच्यापायी मी टाकीवर चढली?" असं म्हणत ती जावयानं आणलेली चाकाची खुर्ची बाजूला सारून तरातरा चालत गेली. घरी पोहोचल्यावर पडून राहायचं सोडून तिनं पाट मागितला, चुलीवर पाणी चढवायला सांगितलं. ईनबाई यांगडोल दारात उभी होती. सुरकुतलेला हसरा चेहरा, पाठीवर लोकरीची शाल. ती हात जोडून म्हणाली, "जुले." रुखमाबाई म्हणाली, "जयभीम," आणि मनातली ती जुनी गाठ आठवून सरळ आत गेली. बॅगेतून तेलाची बाटली काढली तर तेल गोठून दगड झालेलं.

संध्याकाळी तिचाही दगड झाला. डोक्यात घण पडत होते. उलटी झाली. उठायला गेली तर भिंत हातात येईना. ज्योत्स्नानं बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला आणि तिचं तोंड उतरलं. औषध दिलं, नळी लावली, रात्रभर उशाशी बसली.

"आई, सांगतलं होतं ना पडून राहा म्हणून?"

"टाकीवरची सवय अर्धी राह्यली वं," रुखमाबाई कण्हली. "त्या साहेबानं उतरवलं मले."

दुसरा दिवसही तसाच गेला. लेकरू पलीकडच्या खोलीत रडायचं आणि रुखमाबाई मान उचलायची. "दे नं वं एकदा पायावर." ज्योत्स्ना नाही म्हणायची. चक्कर येऊन लेकरू हातून पडलं तर? तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं थोडं हलकं झालं, पण ज्योत्स्नानं ठरवूनच टाकलं होतं. "मी अन् रिगझिन तिकिटाचं पाहून येतो. हे अंगावर काढायचं दुखणं नाही. याच्यावर खरं औषध एकच, खाली जाणं." दोघं बाहेर पडले. रुखमाबाई भिंतीकडे तोंड करून रडली. एवढं येऊन लेकराला हातसुद्धा न लावता परत जायचं! चिचबोडीला काय तोंड दाखवायचं? आणि तोंडाचं जाऊ द्या, पण त्या पोट्टीचे पाय कोण मोकळे करणार?

खांद्यावर हात पडला. ईनबाई.

"नीचे जाना," यांगडोल म्हणाली. तिचं हिंदी थोडं आणि मोडकं. "बीमार, तो नीचे जाना. मेरे पास नीचे है. आओ."

तिनं रुखमाबाईला धरून उठवलं, तेल वितळावं म्हणून तिनं पोटाशी धरलेली बाटली तशीच राहू दिली, आणि घरामागच्या अंगणात नेलं. तिथं जमिनीत एक लाकडी झाकण होतं. झाकण उघडलं, खाली शिडी. हिवाळ्यात बटाटे, गाजरं, कोबी गोठू नयेत म्हणून ही माणसं माणूसभर खोल खड्डा खणून त्यात भाजी ठेवतात. वर बर्फ पडतं, पण खड्ड्यात ऊब राहते.

शिडी उतरायला रुखमाबाईला कोण शिकवणार? ती सरसर खाली गेली. बटाट्यांच्या ढिगाशेजारी एक जुनी गादी होती, उशी होती, पाण्याचा थर्मासही होता. मऊ मातीचा वास येत होता. ती गादीवर टेकली, चार श्वास घेतले, आणि खरं सांगतो, तिला बरं वाटलं.

"इधर गादी कायको?" तिनं विचारलं.

यांगडोल लाजली. मग बोटानं खाली, आणखी खाली दाखवत म्हणाली, "शादी. नागपुर. सब बोला, नागपुर बहुत नीचे. तुम ऊपर का आदमी, एकदम नीचे जाएगा तो हवा भारी, बीमार होगा. तो मैं इधर बैठा. नीचे का आदत करने. रोज बैठा." तिनं छातीवर हात ठेवला. "फिर खांसी हुआ. बहुत खांसी. डॉक्टर बोला, शादी में नहीं जाना."

दोन वर्षं जपून ठेवलेली गाठ अशी सुटली की रुखमाबाईला आधी शरम वाटली आणि मग हसू फुटलं. हसता हसता दम लागला. यांगडोलला वाटलं बाई चालली, ती पाठ चोळू लागली.

"ईनबाई," रुखमाबाई श्वास सावरत म्हणाली, "मैं भी बैठी थी. ऊपर. टाकीपे!" आणि तिनं हातानं टाकी दाखवली, शिडी दाखवली, भोंगेवाला साहेब दाखवला. यांगडोलला टाकी समजली. साहेब समजला की नाही कोण जाणे, पण दोघी बटाट्यांत बसून पोट धरधरून हसल्या.

मग यांगडोल वर गेली. थोड्या वेळानं झाकणातून उजेड आत आला, आणि उजेडात एक टोपली. पाठीवर न्यायची, विणलेली टोपली, आत लोकर आणि लोकरीत ते गाठोडं. चिचबोडीत टोपल्या खालून वर यायच्या, ही वरून खाली आली. बाकी रीत तीच. रुखमाबाईनं ती दोन्ही हातांनी झेलली.

तिनं भिंतीला पाठ टेकली, लुगडं सारलं, पाय लांब केले. दोरी सोडली, कापडं उलगडली. पोरगी चकित होऊन हातपाय झाडू लागली. पोटाच्या उबेनं बाटलीतलं तेल पाझरायला लागलं होतं. पहिला हात पाठीवरून फिरला, तशी पोरगी असं किंचाळली की वरच्या अंगणातले कावळे उडाले असतील. रुखमाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ती म्हणत होती, "रड वं माय, रड, किती दिवसांची बांधेल हायेस तू."

तिकीट काढून परतलेली ज्योत्स्ना तो आवाज ऐकून धावत आली. खाली उतरून तिनं पहिलं काय केलं तर आईच्या बोटाला चिमटा लावला. आकडा वर आला होता. "आई, आज तिसरा दिवस आहे. शरीर आपोआप शिकत असते," ती म्हणाली. "या खड्ड्याचा काही संबंध नाही." दोन्ही आज्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि शिकल्यासवरल्या पोरीची कीव केली. तिकीट रद्द झालं.

संध्याकाळी मुखरूभाऊचा फोन आला. धान कापून झालं होतं. आता मचान मोडून बल्ल्या घरी आणू का, असं तो विचारत होता.

"हात लावाल तं पाहा!" रुखमाबाई म्हणाली. मांडीवर लेकरू झोपलं होतं म्हणून हळू आवाजात म्हणाली. "उन्हाळ्यात ईनबाई येऊन राह्यली आपल्याकडं. तिले एकदम खाली नाई जमणार. गादी टाकून ठेवा वर."